गुंडीचा धडा

बालकाचेंहि हितवचन घ्यावें, हें आम्हीं चाळीस वर्षें वर्गांत शिकविलें; घरीं मात्र विसरलों. परवां चार वर्षांचा नातू सदऱ्याची गुंडी लावीत बसला होता. पंगत खोळंबते म्हणून चिरंजीवांनीं ती चटकन् लावून दिली. नातवानें ती मुकाट्यानें सोडली आणि तो म्हणाला, "बाबा, मला येतंय, थांबा ना!"

चिरंजीव थांबले. आम्ही मात्र ओशाळलों. लहानपणीं त्यांच्या हातची पाटी ओढून आम्हीं बेरजा अशाच पुऱ्या केल्या. आजहि ते कोणताहि हिशेब आम्हांस दाखविल्यावांचून मिटवीत नाहींत.

मुलाला स्वतः करूं द्यावें, हें माँटेसरीबाईंचें तत्त्व ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीच्या मुलांपर्यंत नेलें. आम्हीं तें वाचलें होतें, कळलें परवां. गुंडी लागली. पंगत पांच मिनिटें थांबली, एवढेंच.