सुई टोचल्यानंतरचे ७२ तास

वसईच्या एखाद्या रुग्णालयांत रात्रपाळीची परिचारिका इंजेक्शन देऊन हात मागें घेते, आणि वापरलेली सुई तिच्याच बोटांत रुतते. अशा वेळीं बोट पिळणें किंवा तोंडांत घालणें, ही सर्वांचीच सवय, घातक होय. जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं धुवावी, जंतुनाशक चोळूं नये, आणि तडक डॉक्टरांकडे जावें.

एचआयव्हीचा विषाणु शरीरांत रुजण्यास कांहीं काळ लागतो. तेवढ्यांत प्रतिबंधक औषध पोटांत गेलें पाहिजे; पहिले २ तास उत्तम, ७२ तासांनंतर तें सहसा दिलें जात नाहीं. पुढें २८ दिवस खंड पडूं देऊं नये. मुळांत बाधिताच्या रक्तानें माखलेली सुई टोचली तरी हजारांत सुमारें तिघांनाच लागण होते. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत केवळ झिडोव्हुडिननें ती शक्यता सुमारें ८१ टक्क्यांनीं घटलेली आढळली.

असुरक्षित संबंध वा बलात्कार घडल्यासहि हेंच घड्याळ लागू आहे. मात्र तेथें माणूस लाजेनें दोन-दोन दिवस गप्प बसतो. वसईहून मुंबईस आगगाडीनें जाण्यास लागणारा वेळ त्यापुढें काय मोठा! वास्तविक २०१७ च्या कायद्यानें रुग्णाची माहिती गुप्त राखणें बंधनकारक केलें आहे. १०९७ ह्या विनामूल्य दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळतें. रक्ततपासणी त्याच दिवशीं होते. परंतु पहिली गोळी तिच्या निकालासाठीं अडवून ठेवीत नाहींत.