नायक नटला, पण खेळ कुठे आहे?

हल्ली ज्या घरात कॉलेजात जाणारे मूल आणि बऱ्यापैकी संगणक आहे, त्या घरात एक नवा छंद शिरला आहे. पूर्वी कोणी पोस्टाची तिकिटे जमवायचा, कोणी सुटे भाग आणून रेडिओ जोडत बसायचा, कोणी गल्लीतल्या गणेशोत्सवासाठी एकांकिका लिहायचा. आजचा मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत जागून संगणकावरचा खेळ तयार करत असतो. खेळत नसतो, तयार करत असतो. हा फरक आईवडिलांनी ध्यानात घ्यायला हवा. त्यासाठी लागणारी साधने आता घरबसल्या मिळतात. ‘युनिटी’ हे सॉफ्टवेअर २००५ साली आले. ‘गोडो’ तर २०१४ पासून सर्वांना खुले आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

या हौसेचे मला मनापासून कौतुक आहे. मी स्वतः तीस-पस्तीस वर्षे जाहिरातींची चित्रे काढून पोट भरले. त्यामुळे नात्यातली, ओळखीपाळखीतली अशी मुले आपले काम मला दाखवायला आणतात. दर वेळी एकच गोष्ट घडते. मुलगा खेळ दाखवायला म्हणून बसतो आणि चित्रे दाखवून उठतो. नायकाचे पाणीदार डोळे, वाऱ्यावर उडणारे केस, तलवारीच्या मुठीवरची नक्षी! सारे पाहून झाले की मी विचारतो, “बरं, यात खेळायचं काय?” त्यावर ठरलेले उत्तर येते, “ते अजून चाललंय, काका.”

ते ‘चाललंय’ बहुतेक वेळा कुठेच पोहोचत नाही, हे पाहून वाईट वाटते.

हेर, पागोटे आणि शेला

माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी शिवकाळातल्या हेरावर खेळ करायचे ठरवले. अंधाऱ्या रात्री कडा चढून गडावर शिरायचे आणि पहाट व्हायच्या आत खबर घेऊन परतायचे. कल्पना झकास होती. चौघांतल्या एकाचा हात चित्रकलेत उत्तम. त्याने हेर रंगवायला घेतला. पागोटे कसे असावे, शेला कोणत्या रंगाचा, खांद्यावर घोंगडी घ्यावी की नाही, यावर रात्र-रात्र चर्चा झाल्या. चेहरा अकरा वेळा बदलला. एकदा मी भाच्याला विचारले, “अरे, हा कडा चढतो कसा? हात सुटला तर काय होतं?” तो म्हणाला, “ते ठरेल रे मामा. आधी लूक फायनल होऊ दे.”

दीड वर्षाने लूक फायनल झाला. मग हेराला कड्यावर चढवले, तेव्हा कळले की भरगच्च पागोटे आणि फडफडणारा शेला यांच्यामागे पुढची खाच दिसतच नाही. उडी मारताना हेर एवढा उंच होता की डोके वरच्या कपारीला आपटे. त्याला बुटका, सुटसुटीत करणे भाग होते. म्हणजे सारी चित्रे नव्याने काढायची! चित्रकार मित्र म्हणाला, “माझं दीड वर्ष कचऱ्यात टाकू?” प्रोग्राम लिहिणारा म्हणाला, “मग मी खेळ कशावर चालवू?” शब्दाने शब्द वाढला. शाळेपासूनचे हे मित्र आता समोरासमोर आले तरी बोलत नाहीत. हेर भाच्याच्या संगणकात एका फोल्डरमध्ये आहे. अजून देखणा आहे, अजून कड्याच्या पायथ्याशीच उभा आहे.

यात आळशी कोणीच नव्हता. उलट चौघेही राबले. चुकला तो क्रम.

टाळी आज, की उद्या?

हा क्रम का चुकतो, याचे उत्तर चित्रकार म्हणून मला ठाऊक आहे. चित्र एका नजरेत दाखवता येते. आई स्वयंपाकघरातून येऊन “छान काढलंयस हो!” म्हणते, मित्रांच्या शाबासक्या मिळतात, त्या रात्री झोपही चांगली लागते. अर्धवट खेळाचे तसे नाही. तो दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, आणि हातात दिला की पाच मिनिटांत समोरचा जांभई देतो. ती जांभई पचवणे कठीण. म्हणून माणूस पुन्हा चित्राकडे वळतो. काम केल्याचे समाधान मिळते, परीक्षा मात्र पुढे ढकलली जाते.

आता जरा हिशेब मांडू. समजा, नायकाला सहा हालचाली हव्यात: उभे राहणे, चालणे, धावणे, उडी, वार आणि मार खाणे. प्रत्येक हालचालीला आठ चित्रे आणि चार दिशा धरल्या, तर ६ × ८ × ४ म्हणजे १९२ चित्रे झाली. एका चित्राला एक तास आणि रोज अभ्यास सांभाळून दोन तास धरले, तर ९६ दिवस लागले. हा फक्त नायक! शत्रू, गड, झाडे अजून बाकीच आहेत. आणि तीन महिन्यांनी खेळ म्हणाला की नायकाची उंची निम्मी हवी, तर पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तोच नायक सुरुवातीला साधा चौकोन असता, तर उंची बदलायला एक आकडा बदलणे पुरले असते.

न दिसणारी कारागिरी

खेळाची मजा असते तरी कशात? ‘सेलेस्ट’ या गाजलेल्या खेळाचे पाहा. यात एक मुलगी डोंगर चढते. तिने कड्याच्या टोकावरून पाय पुढे टाकला आणि उडीची कळ दाबायला खेळणाऱ्याला किंचित उशीर झाला, तरी सेकंदाच्या दहाव्या भागापुरती त्याला सूट मिळते, उडी लागते. या युक्तीला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. रोडरनरच्या कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा कोयोटी कडा संपल्यावरही क्षणभर हवेत धावतो ना, त्यावरून हे नाव पडले. ही सूट चित्रात कुठेच दिसत नाही, पण ती काढून घेतली तर खेळणारा वैतागून उठेल. असे बारकावे कागदावर सुचत नाहीत. खेळून, पडून, पुन्हा खेळूनच सापडतात.

या ‘सेलेस्ट’चा जन्मही पाहण्यासारखा आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी तो चार दिवसांत ‘पिको-८’ या चिमुकल्या साधनावर केला. त्याचा पडदा १२८ × १२८ ठिपक्यांचा आणि रंग अवघे सोळा. एवढ्यात कोण कशाला नटवणार! चढण्याची मजा तिथे सापडली आणि त्या पायावर मोठा, देखणा खेळ २०१८ मध्ये उभा राहिला.

थोडे मागे गेलो तरी हेच दिसते. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ तयार केला, तेव्हा त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. पडणारे ठोकळे त्यांनी टंकलेखनातल्या कंसांनी दाखवले. जगाला वेड लागायचे ते लागलेच. मारिओचे निर्माते शिगेरू मियामोतो यांनी १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’च्या वेळी आधी मारिओला नुसते एका सशामागे धावायला लावले होते. धावणे, वळणे, उडी मारणे हेच हाताला गोड लागले, तेव्हा पुढचे राज्य उभे राहिले. ‘ब्रेड’ (खाण्याचा पाव नव्हे, वेणी!) या खेळात काळ उलटा फिरवता येतो. जोनाथन ब्लो यांनी तो आधी स्वतःच्या ओबडधोबड चित्रांवरच रचला आणि २००६ मध्ये त्या अवतारातच त्याला स्वतंत्र खेळांच्या महोत्सवात रचनेचे पारितोषिक मिळाले. डेव्हिड हेलमन यांच्या सुंदर चित्रांनी नटून तो २००८ मध्ये बाजारात आला.

उलट बाजूही सांगतो. डिस्नेत काम केलेले डॉन ब्लूथ यांनी १९८३ मध्ये ‘ड्रॅगन्स लेअर’ हा खेळ चितारला. एखाद्या चित्रपटासारखी चित्रे होती. अमेरिकेत यंत्राभोवती गर्दी उसळली. इतर खेळांच्या दुप्पट, म्हणजे पन्नास सेंट मोजून लोक खेळले. पण खेळणाऱ्याच्या हाती काय होते? ठरलेल्या क्षणी दांडा ठरलेल्या दिशेला ढकलायचा किंवा तलवारीची कळ दाबायची, एवढेच. तो क्रम पाठ झाला की उरते ते पाहणे, खेळणे नव्हे.

मग चित्रकाराने काय करावे?

एक चित्रकारच चित्राच्या विरुद्ध बोलू लागला, असे कोणी म्हणेल. तसे नाही. शेकडो खेळांच्या गर्दीत आपल्या खेळाकडे नजर वळते ती चित्रामुळेच. २०१७ चा ‘कपहेड’ १९३० च्या दशकातल्या कार्टूनच्या धर्तीवर हाताने, एकेक चित्र कागदावर काढून केला आहे. माझ्यासारख्याला तो तासन्‌तास नुसता पाहावासा वाटतो. पण तिथे चित्राखाली कसदार, घाम काढणारा खेळ आहे. शिवाय मर्यादेतूनच चित्र खुलते. १९८१ मध्ये मारिओला टोपी दिली ती केस काढणे जमेना म्हणून, आणि मिशी दिली ती तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून. जगातला सर्वांत ओळखीचा नायक खेळाच्या गरजेतून घडला.

आपल्या हौशी नाटकवाल्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. महिना-दीड महिना तालमी होतात त्या शाळेच्या रिकाम्या वर्गात, अंगावरच्या कपड्यांत. सिंहासन म्हणून लोखंडी खुर्ची, तलवार म्हणून पट्टी. प्रवेश कुठे रेंगाळतो, वाक्य कुठे पडते, हे तिथेच कळते आणि तिथेच दुरुस्त होते. पोशाख आणि दिवे लावून होणारी रंगीत तालीम सर्वांत शेवटी येते. संहिता पक्की नसताना राजाचा अंगरखा शिवायला टाकणाऱ्या मंडळीला आपण हसलो असतो. चौकोनाचा नायक आणि रेघांचा गड ही संगणकावरच्या खेळाची साधी तालीमच आहे. चित्रकारालाही तीत काम आहे. खेळताना नजर कुठे अडते, काय ठळक हवे, काय मागे जायला हवे, हे त्याने तालमीत बसूनच टिपावे. अकरा चेहरे काढण्यापेक्षा ते मोलाचे आहे.

आणि आपण घरच्या मंडळींनी काय करावे? मुलाने पडद्यावरचा देखणा नायक दाखवला तर कौतुक जरूर करावे, पण तेवढ्यावर थांबू नये. “मला खेळायला दे बघू,” म्हणून खुर्ची ओढून बसावे. जमत नसेल तर जमत नाही म्हणावे, कंटाळा आला तर तसे सांगावे. मुलानेही शेजारी बसून “आता इकडे दाब, आता तिकडे जा” असे न सांगता गप्प राहून पाहावे. आजीची बोटे कुठे अडखळतात, धाकटी बहीण कुठे खुदकन हसते, हे वहीत लिहावे. चौकोनाला भिंतीवरून उडी मारायला लावताना बहिणीने “अजून एकदा!” म्हटले, की त्या रात्री खुशाल रंगपेटी उघडावी.