माग आणि नांव

खानदेशांतील जुन्या गांवगाड्यांत जागल्या नांवाचा एक गांवनोकर असे. पुष्कळ गांवीं हें काम भिल्लांकडे असावयाचें. रात्रीं चोरी झाली कीं उजाडतां उजाडतां जागल्या धुळींतील पावलें निरखीत चोराचा माग काढीत निघे. माग शेजारच्या गांवच्या हद्दींत शिरला कीं तेथील जागल्यानें तो पुढें चालवावयाचा. आणि ज्या गांवाला तो आपल्या शिवेबाहेर गेल्याचें दाखवितां येत नसे, त्याच्यावर चोरीच्या भरपाईची जबाबदारी येई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलुखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या चालीचें वर्णन आहे. यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. जागल्याला पाऊल ठाऊक असे. चोराचें नांव ठाऊक नसे.

आज स्टेशनांत, बाजारांत व चौकांत बसविलेल्या कॅमेऱ्यांच्या हलत्या चित्रांवरून माणसें हुडकण्याचें काम संगणकाकडून करवून घेतां येतें. ‘यंत्र माणूस ओळखतें’ असें आपण सहज म्हणतों. वस्तुतः त्या एका वाक्यांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. येथें माणूस आहे काय? मघांचाच माणूस हा काय? आणि हा माणूस कोण?

पहिला प्रश्न घेऊं. हलतें चित्र म्हणजे सेकंदाला सुमारें २५ स्थिर चित्रांची मालिका. १९२० बाय १०८० मापाच्या एका चित्रांत वीस लाखांहून अधिक बिंदु असतात, आणि संगणकाला दिसतात ते केवळ त्या बिंदूंच्या रंगाचे व उजेडाचे आंकडे. त्या आंकड्यांच्या रानांतून मनुष्याकृति कशी शोधावी? २००५ सालीं फ्रान्समध्यें नवनीत दलाल व बिल ट्रिग्ज यांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. उजेड व अंधार जेथें भेटतात तेथें कड उमटते. त्या कडांच्या दिशा मोजल्या कीं डोक्याची गोलाई, खांद्यांचा उतार आणि पायांच्या उभ्या रेषा यांचा एक ठराविक मेळ सांपडतो. अलीकडे हा मेळ यंत्राला सांगावाही लागत नाहीं. लक्षावधि चित्रें पाहून तें तो आपण होऊन शिकतें.

दुसरा प्रश्न खऱ्या अर्थानें मागाचा आहे. धुळ्याच्या आग्रा रोडवर बाजाराच्या गर्दींत एक बाई चालली आहे, अशी कल्पना करावी. ती क्षणभर हातगाडीआड होते आणि पुन्हां दिसते. यंत्र तिची दिशा व गति पाहून पुढील चित्रांत ती कोठें असेल याचा अदमास बांधतें. या अदमासाचें गणित रुडॉल्फ काल्मन यांनीं १९६० सालीं मांडलें. मग प्रत्यक्ष दिसलेल्या आकृतींपैकीं जी त्या जागेच्या जवळची व वस्त्रांच्या रंगानें जुळणारी, तिला यंत्र तोच क्रमांक देतें. एकाच गणवेषांतील दोन मुलें समोरासमोरून गेलीं तर त्यांच्या क्रमांकांची अदलाबदल होऊं शकते. एका कॅमेऱ्याच्या टप्प्यांतून माणूस दुसऱ्याच्या टप्प्यांत गेला कीं शिव ओलांडल्यासारखेंच होतें. माग तेथें पुन्हां जुळवावा लागतो. परंतु येथवर कोणाचेंही नांव आलेलें नाहीं. ती बाई केवळ सातव्या क्रमांकाची आकृति आहे.

नांव यावयाचें तर नोंदवही हवी. तिचाही एक मोठा आरंभ खानदेशांतच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. १९९८ पर्यंत तें गांव धुळे जिल्ह्यांतच होतें. चेहरा, दहा बोटांचे ठसे व दोन्हीं डोळ्यांतील बुबुळें यांची तेथें नोंद होते. पुढें कामाच्या वेळीं मनुष्य आपला क्रमांक सांगून स्वतः बोट ठेवतो, आणि यंत्राला होय किंवा नाहीं एवढेंच सांगावयाचें असतें.

कॅमेऱ्यावरून शोध घेतांना हा क्रम उलटा होतो. माणूस कांहीं सांगत नाहीं. आपणांस कोणी पाहत आहे हेंही त्याला ठाऊक नसतें. यंत्र त्याच्या चेहऱ्याचे आंकडे करतें. गूगलच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत एका चेहऱ्याचे १२८ आंकडे होतात. ते यादींतील प्रत्येक चेहऱ्याच्या आंकड्यांशीं ताडून सर्वांत जवळचा कोणता तें काढलें जातें. मेख येथेंच आहे. तो माणूस यादींत मुळींच नसला तरी सर्वांत जवळचा असा कोणी तरी निघणारच! कितपत जवळ म्हणजे तोच, हें यंत्राला माणसानें ठरवून द्यावें लागतें.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेंत एक लाख लोक कॅमेऱ्यापुढून गेले, आणि यंत्र हजारांत एकदांच चुकलें असें धरूं. तरी शंभर निरपराध माणसांवर बोट ठेवलें जाईल, आणि हवा असलेला इसम त्या दिवशीं कदाचित् यात्रेस आलेलाच नसेल. हेंच यंत्र हरवलेलें मूल शोधण्यास लावलें तर त्याच चुका निरुपद्रवी ठरतात. आई पाहते, ‘हें माझें नव्हे’ म्हणते आणि शोध पुढें चालतो. चूक तीच, परंतु ती कोणाच्या माथीं बसते यावर सर्व अवलंबून आहे. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं जानेवारी २०२० मध्यें एका निरपराध गृहस्थास यंत्रानें दाखविलेल्या अशाच साम्यावरून पकडून सुमारें तीस तास कोठडींत ठेवण्यांत आलें. यंत्राचा अदमास तेथें पुराव्याच्या आसनावर बसविला गेला होता.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला. म्हणून कॅमेरा बसविणाऱ्यांना कांहीं प्रश्न विचारणें प्रत्येक नागरिकाला प्राप्त आहे: यादींत कोणाचे चेहरे आहेत? चित्रें किती दिवस ठेवतात? यंत्रानें दाखविलेलें साम्य कोण पडताळून पाहतो? जुन्या चालींत माग उघड्यावर निघे, आणि ज्या गांवावर तो येऊन थांबे त्याला तो पुढें दाखवून देण्याची संधि मिळे. नव्या मागकऱ्याला डोळे पुष्कळ आहेत. ज्याच्यावर संशय आला त्याला ‘माग माझ्या दारीं थांबत नाहीं’ असें दाखवून देण्याची सोय मात्र माणसांनींच ठेवावयाची आहे.