संगणकावरचं रसायनशास्त्र आणि तरुण संशोधकांचे पुरस्कार



बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या घराघरात नीट, जेईई नाहीतर स्पर्धा परीक्षा, एवढंच बोलणं चालतं. एखादी मुलगी म्हणाली, "मी बीएस्सी केमिस्ट्री करते," तर तिचे वडील शाळेत येऊन विचारतात, "सर, केमिस्ट्री घेऊन काय भेटते पोरीले?" प्रश्न रास्त आहे. आज त्याच्या एका कोपऱ्याबद्दल लिहितो. हे संगणकीय रसायनशास्त्र म्हणजे काय, आणि त्यात नवीन काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या पुरस्कारांकडे आपण कसं पाहायचं?

आपल्या संत्र्याच्या सालीला जो वास येतो तो मुख्यतः लिमोनीनचा. त्याच्या एका रेणूत १० कार्बन आणि १६ हायड्रोजन, म्हणजे एकूण २६ अणू. या अणूंमधल्या बंधांची लांबी, कोन, इलेक्ट्रॉन कुठे दाट आणि कुठे विरळ, हे परीक्षानळी न उचलता पुंजयांत्रिकीची समीकरणं सोडवून काढता येतं. तेच हे शास्त्र. अडचण एवढीच की रेणू वाढला की आकडेमोड भलतीच वाढते. एका नेहमीच्या पद्धतीत ती ढोबळमानाने आकाराच्या चौथ्या घातात वाढते. रेणू दुप्पट झाला तर काम सोळा पट!

यावर पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान तोडगा काढला. मोठा रेणू आधी कापायचा, तुकड्यांची गणितं स्वतंत्र करायची आणि मग उत्तरं जोडून घ्यायची. नावही अगदी शिंप्याच्या दुकानातलं, 'मॉलिक्युलर टेलरिंग'. समजा रेणूचे चार सारखे तुकडे केले. प्रत्येक तुकड्याचं काम मूळ कामाच्या २५६ व्या भागाएवढं, म्हणजे चारही मिळून ६४ वा भाग. प्रत्यक्षात एवढी बचत होत नाही, कारण शिवणीला दाब ठेवावा लागतो तसे तुकडे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात. नववी-दहावीच्या मुलांना घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा, चटकन कळतं. याच गटाने सी-डॅकच्या 'परम' या भारतीय महासंगणकावर चालणारी 'इंडमोल' ही आज्ञावलीही लिहिली. १९९३ मध्ये गद्रे सरांना रसायनशास्त्राचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे २००० साली पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. सौरव पाल यांना तो मिळाला. तेही याच शाखेतले.

भटनागर पुरस्काराला ४५ वर्षांची वयोमर्यादा आहे. आता तो 'विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर' या नावाने दिला जातो. इन्फोसिस पुरस्काराची मर्यादा २०२४ पासून ५० वरून ४० वर आली. जगभरच्या सैद्धांतिक आणि संगणकीय रसायनशास्त्रज्ञांची 'वाटोक' ही संघटना चाळिशीच्या आतल्या संशोधकाला डिरॅक पदक देते. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या संगणक विभागात तर नुकतेच प्राध्यापक झालेल्यांसाठी आणि पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीही वेगळे पुरस्कार आहेत.

वयाची अट कशाला, असं तुम्ही विचाराल. मायकेल लेव्हिट आणि एरी वॉर्शेल यांनी विकर म्हणजे एन्झाइमच्या अभिक्रियेचं गणित संगणकावर मांडणारा शोधनिबंध १९७६ मध्ये लिहिला. नोबेल मिळालं २०१३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी. एवढी वर्षं कोणाच्या घरची चूल मानसन्मानाच्या वाटेवर थांबत नाही. तरुणाला प्रयोगशाळा उभारायची असते, विद्यार्थी घ्यायचे असतात, अनुदान मागायचं असतं. त्या वेळी कोणीतरी 'याचं काम खरं आहे' असं जाहीर म्हणावं लागतं. क्वचित उलटही घडतं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांतल्या जॉन जंपर यांची सैद्धांतिक रसायनशास्त्रातली पीएचडी २०१७ ची, आणि नोबेल मिळालं तेव्हा ते चाळिशीच्या आत होते. पण असे किती?

मात्र या अटीची दुसरी बाजूही पाहा. आपल्याकडची मुलगी पीएचडी संपवते तेव्हा तिशीला टेकलेली असते. मग लग्न, बाळंतपण, बदली. खेड्यातल्या मुलाला तर मुळात उशिरानेच वाट सापडते. काही योजनांत स्त्रियांना वयाची सूट असते, पण ती नियमांच्या बारीक अक्षरांत लपलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की वय जन्मतारखेपासून मोजण्यापेक्षा पीएचडीपासूनची वर्षं मोजावीत.

आता पालकांनी नीट वाचावं असं. 'यंग सायंटिस्ट अवॉर्ड' नावाचे ईमेल हल्ली ढिगाने येतात. नोंदणी शुल्क भरा, मंचावर या, शाल-स्मृतिचिन्ह घ्या, फोटो काढा. यात पुरस्कार नसतो, विक्री असते! ओळखायचं कसं? पैसा कोणत्या दिशेने जातो ते बघा. खऱ्या पुरस्कारात तो संशोधकाकडे येतो, त्याच्याकडून जात नाही. मागच्या पाच वर्षांत कोणाला मिळाला आणि त्यांनी नेमकं काय काम केलं, हे शोधा. परीक्षक कोण, निवड कशावर, याची उत्तरं मिळाली नाहीत तर तो ईमेल पुसून टाका. मुलगा रागावला तरी चालेल. असलं प्रमाणपत्र पुढे मुलाखतीत जाणकारांसमोर ठेवलं तर उलट नुकसानच होतं.

"पण हे सगळं पुण्या-मुंबईचं," असं कोणी म्हणेल. तर ऐका. 'पायडिस्क्रिप्टर' नावाचं एक साधन आहे. रेणूची रचना दिली की त्याचे हजारो गुणधर्म ते आकड्यांत मांडून देतं, आणि त्यावरून औषध म्हणून कोणता रेणू चालेल याचा अंदाज बांधता येतो. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं अमरावतीच्या विद्याभारती महाविद्यालयातले डॉ. विजय मसंद आणि क्रोएशियातल्या ओसियेक विद्यापीठातल्या वेस्ना रास्तिया यांनी. कोट्यवधींचं उपकरण नसताना जिल्ह्याच्या ठिकाणाहून जगाच्या कामात भर घालता येते, ती या शाखेत. लोडशेडिंग सांभाळावं लागतं, तेवढं सोडा.

शाळेतून सुरुवात करायची असेल तर 'ॲव्होगॅड्रो' ही मोफत आज्ञावली साध्या संगणकावरही चालते. अकरावीच्या वर्गात पाण्याचा रेणू काढा आणि मुलांना कोन मोजायला लावा. पुस्तकातलं १०४.५ अंश आणि पडद्यावरचा आकडा यांत थोडा फरक पडेल. तो का पडला, हे मुलांना विचारा. आणि ज्या पोरीच्या वडिलांनी शाळेत येऊन विचारलं होतं, तिला त्या दिवशी संगणकापुढे बसवा.