सर्वश्रेष्ठ चित्रपटांची निवड : समीक्षक, दिग्दर्शक आणि मतमोजणीची रीत

प्रस्तावना

साहित्यातील अभिजात कृती कोणत्या, हा प्रश्न अनेक पिढ्यांच्या वाचनातून, टीकाग्रंथांतून आणि अभ्यासक्रमांतून हळूहळू सुटत आला आहे. चित्रपटकलेचे वय जेमतेम सव्वाशे वर्षांचे असल्याने तिला एवढा अवधी लाभलेला नाही. त्यामुळे जाणकारांची मते थेट मागवायची, ती मोजायची आणि त्यांतून श्रेष्ठ चित्रपटांची यादी तयार करायची, असा मार्ग या कलेच्या बाबतीत अवलंबला गेला. अशा याद्यांपैकी सर्वाधिक प्रतिष्ठा लाभलेली यादी म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या 'साइट अँड साउंड' या नियतकालिकाची. इ. स. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ती प्रसिद्ध होत आली आहे.

या याद्यांचा परिणाम केवळ चर्चेपुरता मर्यादित राहत नाही. ग्रंथालयांत कोणत्या चित्रपटांच्या प्रती असाव्यात, चित्रपट-आस्वादाच्या वर्गात कोणते चित्रपट दाखवावेत, कोणत्या जीर्ण प्रतींच्या दुरुस्तीवर पैसा खर्च व्हावा, हे ठरवताना त्यांचा आधार घेतला जातो. म्हणूनच या याद्या कशा तयार होतात, याची माहिती अध्यापकाला असणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात 'साइट अँड साउंड'च्या कौलाची रीत, त्यातील स्थित्यंतरे आणि त्यामागील कारणे यांचा विचार केला आहे.

कौलाचा आरंभ

या उपक्रमाची प्रेरणा ब्रुसेल्समधून आली. इ. स. १९५२ मध्ये तेथे चित्रपट-दिग्दर्शकांकडून श्रेष्ठ चित्रपटांविषयी मते मागवण्यात आली आणि आयझेनस्टाइन यांच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' (१९२५) या मूकपटाला अग्रस्थान मिळाले. त्याच वर्षी 'साइट अँड साउंड'ने समीक्षकांना हाच प्रश्न विचारला. पत्रे गेली ८५ जणांना, उत्तरे आली ६३ जणांची. २५ मते मिळवून व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' पहिला आला.

हा चित्रपट त्या वेळी केवळ चार वर्षांचा होता. युद्धोत्तर इटलीतील नववास्तववादाचा प्रभाव तेव्हा ऐन भरात होता. भारतातही त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला आणि येथील अनेक चित्रपटकारांवर त्याचा खोल परिणाम झाला. मात्र समीक्षकांच्या यादीतील त्याचे स्थान टिकले नाही. १९६२ मध्ये तो सहाव्या स्थानावर विभागून राहिला आणि १९७२ मध्ये पहिल्या दहांतून बाहेर पडला. १९६२ मध्ये दुसरे स्थान मिळवणाऱ्या अंतोनिओनी यांच्या 'लाव्हेन्तुरा'चे वय तर अवघे दोन वर्षांचे होते. कान महोत्सवातील पहिल्या खेळाला प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. तोही १९९२ च्या पहिल्या दहांत दिसत नाही. ताज्या अनुभवाचा ठसा मतांवर किती उमटतो, हे या दोन उदाहरणांवरून लक्षात येते.

मतमोजणीची रीत

या कौलाची पद्धत वरवर पाहता अत्यंत सोपी आहे. प्रत्येक मतदाराने दहा चित्रपटांची नावे द्यावयाची. त्यांत क्रम लावण्याची सक्ती नाही, कारण पहिल्या नावाचे आणि दहाव्या नावाचे मोल सारखेच, म्हणजे एक मत, धरले जाते. आयोजकांकडून आधी तयार केलेली यादी दिली जात नाही. 'सर्वश्रेष्ठ' या शब्दाची व्याख्याही केलेली नसते. कोणी ऐतिहासिक महत्त्व पाहतो, कोणी कलात्मक सिद्धी पाहतो, तर कोणी स्वतःच्या जाणिवेवर झालेला संस्कार प्रमाण मानतो.

याच्या उलट रीत अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९८ मध्ये अवलंबली. तिने केवळ अमेरिकी चित्रपटांचा विचार केला आणि ४०० चित्रपटांची छापील यादी मतदारांपुढे ठेवली. अशा रीतीत यादी करणाऱ्यांचा अधिकार मतदारांच्या आधीच वापरला गेलेला असतो. 'साइट अँड साउंड'ची रीत त्या मानाने मोकळी आहे, पण तिचे स्वतःचे काही परिणाम आहेत.

पहिला परिणाम मतविभागणीचा. ज्या दिग्दर्शकाची एकच कृती सर्वमान्य आहे, त्याची मते एकवटतात. ज्याच्या अनेक कृती तोलामोलाच्या आहेत, त्याची मते विखुरतात. १९५२ मध्ये चॅप्लिन यांच्या 'सिटी लाइट्स' आणि 'द गोल्ड रश' या दोन्ही चित्रपटांना प्रत्येकी १९ मते पडून ते दुसऱ्या स्थानावर बरोबरीत राहिले. काही मतदारांनी दोन्ही नावे दिली असतील, म्हणून या मतांची सरळ बेरीज करता येत नाही. तरीही चॅप्लिन यांच्याविषयीचा एकूण आदर अग्रस्थानावरून कळत नाही, हे स्पष्ट आहे.

दुसरा परिणाम नियमांतील बारीक बदलांचा. २००२ मध्ये 'द गॉडफादर'चे दोन भाग एकत्र मोजले गेले आणि समीक्षकांच्या यादीत त्यांना चौथे स्थान मिळाले. २०१२ मध्ये दोन्ही भाग स्वतंत्र मोजण्याचे ठरले, तेव्हा पहिला भाग २१ व्या स्थानावर गेला आणि दुसरा त्याच्याही खाली. चित्रपट तेच होते आणि त्यांच्याविषयीचा आदर दहा वर्षांत एवढा ओसरला असेल असे मानण्यास आधार नाही. घसरणीत मोजणीच्या नियमाचा वाटा मोठा होता.

तिसरी गोष्ट एकमताच्या प्रमाणाची. १९५२ मध्ये अग्रस्थानावरील चित्रपटाला ६३ पैकी २५, म्हणजे सुमारे ४० टक्के मतदारांचा पाठिंबा होता. २००२ मध्ये 'सिटिझन केन'ला १४५ पैकी ४६, म्हणजे सुमारे ३२ टक्के. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'ला ८४६ पैकी १९१, म्हणजे सुमारे २३ टक्के. मतदारसंघ जसजसा विस्तारला, तसतसे एकमत विरळ होत गेले. 'जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट' ही पदवी मिळालेल्या 'व्हर्टिगो'चे नाव तीनचतुर्थांशांहून अधिक जाणकारांनी आपल्या दहांत घेतले नव्हते, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांत येत नाही.

समीक्षक आणि दिग्दर्शक

१९९२ पासून दिग्दर्शकांचा कौल स्वतंत्रपणे घेतला जाऊ लागला. त्या वर्षी दोन्ही याद्यांत 'सिटिझन केन' पहिला असला, तरी दिग्दर्शकांनी दुसरे स्थान फेलिनी यांच्या 'एट अँड अ हाफ' आणि मार्टिन स्कोर्सेसी यांच्या 'रेजिंग बुल' या चित्रपटांना विभागून दिले. हे दोन्ही चित्रपट त्या वर्षीच्या समीक्षकांच्या पहिल्या दहांत नव्हते. 'एट अँड अ हाफ' हा चित्रपट काढू पाहणाऱ्या आणि अडखळलेल्या दिग्दर्शकाचीच कथा आहे. त्याला व्यवसायबंधूंची पसंती मिळावी, हे स्वाभाविक आहे.

पुढेही हा भेद टिकला. २०१२ मध्ये समीक्षकांनी 'व्हर्टिगो'ला, तर ३५८ दिग्दर्शकांनी ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी'ला अग्रस्थान दिले. २०२२ मध्ये समीक्षकांची निवड शांताल आकरमान यांचा 'जान दिएलमान' ही होती. ४८० दिग्दर्शकांनी मात्र स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'ला पहिला क्रमांक दिला.

समीक्षक चित्रपटाकडे परंपरेतील एक टप्पा म्हणून पाहतो. त्याच्याविषयी काय लिहिले गेले आणि त्याने पुढच्या चित्रपटांना काय दिले, याचा तो विचार करतो. दिग्दर्शकापुढे 'हे कसे साधले असेल' हा प्रश्न प्रथम येतो. अर्थात ही विभागणी काटेकोर मानता येणार नाही. 'जान दिएलमान' दिग्दर्शकांच्या यादीतही २०२२ मध्ये 'टोकियो स्टोरी'च्या बरोबरीने चौथा होता.

उपलब्धतेचा प्रश्न

मतदार जे पाहू शकतो, त्याचीच निवड करू शकतो. हे विधान साधे असले तरी याद्यांच्या इतिहासातील बऱ्याच गोष्टींचा उलगडा त्यातून होतो.

ज्याँ रेन्वार यांचा 'द रूल्स ऑफ द गेम' १९३९ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तो सपशेल पडला. त्याची काटछाट झाली, त्याच्यावर बंदी आली आणि युद्धकाळातील बाँबवर्षावात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. १९५२ च्या यादीत तो दहाव्या स्थानावर होता. १९५९ मध्ये सापडलेल्या तुकड्यांतून तो पुन्हा जुळवण्यात आला आणि १९६२ मध्ये तिसऱ्या स्थानावर चढला. १९७२ पासून १९९२ पर्यंत तो सलग दुसरा होता.

ऑर्सन वेल्स यांच्या 'सिटिझन केन'ची (१९४१) कथाही अशीच आहे. युद्धामुळे तो फ्रान्समध्ये १९४६ मध्ये पोहोचला. तेथे आंद्रे बाझँ यांच्यासारख्या समीक्षकाने त्याचे महत्त्व मांडले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतर अमेरिकेत तो पुन्हा चित्रपटगृहांत आणि दूरचित्रवाणीवर आला. १९५२ च्या पहिल्या दहांत नसलेला हा चित्रपट १९६२ मध्ये २२ मतांनी पहिला आला आणि पुढे २००२ पर्यंतच्या पाचही कौलांत तेथेच राहिला.

हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो'चे (१९५८) उदाहरण थोडे निराळे आहे. सत्तरीच्या दशकात तो वितरणातून काढून घेण्यात आला होता. तरीही १९८२ मध्ये त्याने विभागून सातवे स्थान मिळवले. पाहायला न मिळणाऱ्या चित्रपटाची कीर्ती समीक्षालेखनाने जिवंत ठेवली होती. तो पुन्हा वितरणात आल्यावर १९९२ मध्ये चौथ्या आणि १९९६ मधील दुरुस्त प्रतीनंतर २००२ मध्ये दुसऱ्या स्थानावर पोहोचला. उपलब्धता आणि लेखन यांची एकमेकांना साथ मिळाली म्हणजे चित्रपटाचा क्रम वर सरकतो, असे यावरून म्हणता येईल.

मतदारसंघाचा विस्तार आणि वाद

२०२२ मध्ये १६३९ समीक्षक, अभ्यासक, संग्रहपाल आणि महोत्सव-संयोजकांनी मते दिली. ही संख्या आधीच्या कौलाच्या जवळजवळ दुप्पट होती. मतदार अधिक देशांतून आणि अधिक निरनिराळ्या पार्श्वभूमींतून निवडले गेले. २०१२ मध्ये ३६ व्या स्थानावर असलेला 'जान दिएलमान' (१९७५) या वेळी पहिला आला. एका विधवा गृहिणीच्या तीन दिवसांच्या दिनक्रमाचे ते २०१ मिनिटांचे संथ चित्रण आहे. स्त्री दिग्दर्शकाच्या चित्रपटाला अग्रस्थान मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. २०१२ च्या पहिल्या शंभरांत स्त्री दिग्दर्शकांचे दोनच चित्रपट होते. २०२२ मध्ये पहिल्या दहांतच दोन आले.

या निकालावर टीका झाली. पटकथाकार-दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी, स्वतः या चित्रपटाचे चाहते असूनही, एवढ्या मोठ्या झेपेमुळे कौलाची विश्वासार्हता उणावते असे मत मांडले. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. मतदार बदलले की निकाल बदलतो, तर मग दशकादशकांची तुलना कशाच्या आधारावर करावयाची? परंतु हाच तर्क मागेही लावावा लागतो. १९५२ चे ६३ समीक्षकही कोणीतरी निवडलेलेच होते आणि ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतील होते. त्यांच्या निवडीला कालातीत मानायचे आणि विस्तारलेल्या मतदारसंघाच्या निवडीला कृत्रिम ठरवायचे, हे न्याय्य होणार नाही. दोन्ही निकाल आपापल्या मतदारसंघाचे आहेत आणि त्याच मर्यादेत खरे आहेत.

भारतीय आणि मराठी संदर्भ

१९९२ च्या समीक्षकांच्या यादीत सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (१९५५) १५ मतांसह सहाव्या स्थानावर विभागून होता. त्याच वर्षी राय यांना मानद ऑस्कर मिळाले आणि एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. १९९३ मध्ये लंडनमधील आगीत त्यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. उरलेल्या भागांवरून आणि इतर प्रतींवरून अपूत्रयीची दुरुस्ती होऊन ती २०१५ मध्ये पुन्हा प्रेक्षकांपुढे आली. या खर्चिक कामासाठी परदेशी संस्था पुढे आल्या, याला त्या चित्रपटांची जागतिक मान्यता कारण होती. २०२२ च्या यादीत 'पथेर पांचाली' ३५ वा आहे आणि पहिल्या शंभरांतील तो एकमेव भारतीय चित्रपट आहे.

मराठी चित्रपटाचा प्रश्न याहून मूलभूत आहे. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट भारतीय वास्तववादाचा आरंभबिंदू मानला जातो, परंतु तो आज पाहावयास मिळत नाही. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा (१९१३) काही भागच शिल्लक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोपर्यंत भारतीय मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. पी. के. नायर यांनी तेथे जे जमवले, त्यामुळेच फाळके यांच्याविषयी आज निदान काही बोलता येते. २०२२ मध्ये फिप्रेस्कीच्या भारतीय शाखेने निवडलेल्या दहा श्रेष्ठ भारतीय चित्रपटांतही मराठी चित्रपट नाही. यावरून मराठी चित्रपटांच्या गुणवत्तेविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. उपशीर्षकांसह चांगल्या प्रती किती आहेत आणि मराठीबाहेर त्यांच्याविषयी किती लिहिले गेले, हे आधी तपासावे लागेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, श्रेष्ठ चित्रपटांची यादी ही प्रामुख्याने विशिष्ट काळी, विशिष्ट मतदारांनी, विशिष्ट नियमांनुसार आणि उपलब्ध प्रतींच्या आधारे व्यक्त केलेल्या पसंतीची नोंद असते. तिच्यामुळे श्रेष्ठतेचा प्रश्न कायमचा सुटत नाही. मात्र म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. सात दशकांच्या नोंदी एकत्र वाचल्या, तर अभिरुचीच्या इतिहासाचे इतके सलग साधन अन्य कलांत क्वचितच आढळेल.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. पहिल्या दहांची यादी वर्गात प्रमाण म्हणून मांडण्याऐवजी निरनिराळ्या वर्षांच्या याद्या शेजारीशेजारी ठेवून विद्यार्थ्यांना फरकाची कारणे शोधावयास लावावीत. अलीकडच्या कौलांतील मतदारांच्या स्वतंत्र निवडीही प्रसिद्ध झालेल्या आहेत. त्यांत केवळ एखाद-दोन मते मिळालेले असंख्य चित्रपट आढळतात. याद्यांच्या तळाशी असलेल्या या नावांतून पुढील दशकाच्या यादीतील काही चित्रपट वर येणे शक्य आहे, परंतु त्यासाठी त्यांची प्रत जपलेली असली पाहिजे, ती पाहावयास मिळाली पाहिजे आणि तिच्याविषयी कोणीतरी लिहिले पाहिजे. मराठी चित्रपटांच्या बाबतीत यांपैकी लेखनाचे काम तरी महाविद्यालयीन अध्यापकांना आपल्या विभागातून सुरू करता येण्यासारखे आहे.