बागेतली ज्वारीची भावंडे

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आई आमच्याकडे आली होती. ती मंगळवेढ्याची, ज्वारीच्या गावची. बागेत कुंपणाशी वाढलेल्या उंच गवताचा तुरा तिने बोटांत धरला, चोळून पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही तर ज्वारीच्या जातीतली दिसते. दाणे का भरले नाहीत?" मी हसले. नंतर पुस्तक काढले, तर तिचेच खरे निघाले.

त्या गवताचे शास्त्रीय नाव सोर्घास्ट्रम, म्हणजे सोर्घमसारखे, ज्वारीसारखे. जर्मनीत त्याला इंडियानरग्रास म्हणतात (हे 'इंडियन' अमेरिकेतले, आपण नव्हे!). उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाला प्रेअरी म्हणतात, तिथले हे गवत. ज्वारी, ऊस, मका आणि आपला गवती चहा हे सगळे याच गटातले. रोपवाटिकेत सर्रास मिळणारे दुसरे प्रेअरी गवत म्हणजे रूटनहिर्झे. यातले 'हिर्झे' म्हणजे वरी-राळ्यासारखे भरड धान्य, आणि हे खरोखरच वरीच्या कुळातले आहे.

हे नाते कळले की लागवड निम्मी कळते. ज्वारीला ऊब लागते. रब्बीचा शाळू थंडीत येतो खरा, पण सोलापूरची थंडी म्हणजे इथला जून! त्यामुळे ही गवते जर्मनीत फार उशिरा जागी होतात. पहिल्या वर्षी एप्रिल संपत आला, शेजारच्या बागा हिरव्यागार झाल्या, तरी माझ्या ठोंबांतून काही फुटेना. मेले समजून मी दोन ठोंब उपटून कंपोस्टवर टाकले. तिसरा केवळ आळसामुळे राहिला. मेच्या मध्यावर त्याला कोंब आले. त्या दोघांची हळहळ अजून वाटते.

म्हणून लावणी वसंतातच करावी, एप्रिलअखेर ते जून. शरद ऋतूत लावले तर मुळे धरण्याआधीच थंडी येते आणि ओल्या मातीत ठोंब कुजतो. जागा दिवसभर उन्हाची हवी. रूटनहिर्झेच्या दोन ठोंबांत ६० ते ८० सेंटिमीटर अंतर ठेवावे. ते चिकट मातीतही तग धरते. खत मात्र घालू नये. मीही हौसेने घातले होते. ऑगस्टच्या पहिल्या वादळात सगळे लोळले, भारी जमिनीतले पीक लोळते तसेच. पाणी पहिला उन्हाळाभर द्यावे. पुढे मुळे इतकी खोल जातात की २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आमचे लॉन वाळले, पण ही उभी होती.

ऑक्टोबरात कापायची घाई करू नये. सुकलेल्या काड्यांत किडे हिवाळा काढतात, ठोंबाला आडोसा मिळतो, आणि दहिवर पडलेले तुरे सकाळी बघण्यासारखे असतात. "आवरणार कधी?" असे शेजारच्या आजी कुंपणावरून दर नोव्हेंबरात विचारतात. मी मार्च म्हणते. मार्चमध्ये जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचे आणि कडबा कोपऱ्यात सैल रचायचा.

बागेत गवत म्हणजे फक्त लॉन, ही समजूत इथे मोडली ती बरीचशी पोट्सडाम-बोर्निमच्या कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांनी. बागेतली गवते आणि नेचे यांवर त्यांनी १९५७ साली अख्खे पुस्तक लिहिले. त्यांची बाग आजही बघता येते. प्रेअरीची लागवड बघायची असेल, तर वाइनहाइमचे हेर्मान्सहोफ गाठावे.

कुणाला जर्मनीचेच गवत हवे असेल, तर फायफनग्रास घ्यावे. त्याच्या काड्यांनी पूर्वी तंबाखूचे पाइप साफ करत. शरदात ते हळदीसारखे पिवळे होते.

मेअखेरीस मी ठोंब फोडणार आहे. तुकडा हवा असेल त्यांनी शनिवारी वर्गाला येताना कुंडी आणावी. मुलांसाठी मी तुरे आणीन. ठोंब, तुरा, कुसळ, कडबा हे शब्द त्यांनी हातात धरूनच शिकावेत.