मेल एक्स्चेंज नोंद

मेल एक्स्चेंज नोंद (संक्षेपाने एमएक्स नोंद) ही डोमेन नाव प्रणालीतील एक नोंद असून, एखाद्या डोमेनच्या नावे आलेले ईमेल कोणत्या सर्व्हरने स्वीकारावेत हे ती सांगते. ईमेल पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हानंतरचा भाग म्हणजे डोमेन नाव. पत्ता कोणत्या संस्थेचा आहे हे त्यावरून कळते. ईमेल प्रत्यक्ष कोणत्या यंत्राकडे पोहोचवायचे हे मात्र कळत नाही. ती माहिती या नोंदीतून मिळते.

टपालाशी तुलना

भारतीय टपाल खात्यात पत्राची वाट ठरविण्याचे काम पिनकोड करतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पुण्याच्या बुधवार पेठेचा पिनकोड ४११००२ आहे. त्यातील पहिले तीन अंक पत्रांच्या वर्गवारीसाठीचे क्षेत्र, तर शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दर्शवितात. पिनकोड असा डावीकडून उजवीकडे नेमका होत जातो. डोमेन नावाचा शोध उजवीकडून डावीकडे घेतला जातो. शिवाय पिनकोड पाकिटावर लिहिलेला असतो. एमएक्स नोंद पत्त्यात दिसत नाही. ती विचारून घ्यावी लागते.

कार्यपद्धती

‘डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर ईमेल पाठवताना शोध मूळ सर्व्हरपासून सुरू होतो. मूळ सर्व्हर ‘डॉट इन’च्या सर्व्हरकडे बोट दाखवतो आणि तो संबंधित डोमेनच्या नाव-सर्व्हरकडे. तेथे एमएक्स नोंद मिळते. मिळालेले उत्तर ठरावीक काळ साठवून ठेवले जात असल्याने प्रत्येक ईमेलसाठी हा सारा प्रवास करावा लागत नाही.

नोंदीत स्वीकारणाऱ्या सर्व्हरचे नाव व प्राधान्यांक असतो. लहान अंकाच्या सर्व्हरकडे आधी प्रयत्न होतो. तो प्रतिसाद देत नसल्यास पुढचा निवडला जातो. नंतर त्या नावाचा आयपी पत्ता शोधून पाठवणारा सर्व्हर २५ क्रमांकाच्या पोर्टवर संपर्क साधतो. एमएक्स नोंदच नसेल, तर डोमेनच्या स्वतःच्या आयपी पत्त्यावर ईमेल देण्याचा प्रयत्न होतो.

इतिहास

एमएक्स नोंदींनुसार ईमेलची वाट ठरविण्याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी १९८६ मध्ये ‘आरएफसी ९७४’ या दस्तऐवजात मांडले. ‘डॉट इन’ हे भारताचे डोमेन १९८९ मध्ये अस्तित्वात आले. त्याचे काम प्रारंभी मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र पाहत असे. ही संस्था पुढे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकमध्ये विलीन झाली. २००५ पासून नोंदणीची जबाबदारी ‘निक्सी’कडे आहे.

त्रुटी व सुरक्षितता

नाव-सर्व्हरकडून उत्तर न आल्यास ईमेल रांगेत राहते व सामान्यतः काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न केला जातो. डोमेनच अस्तित्वात नसल्याचे उत्तर आले, तर ईमेल पाठवणाऱ्याकडे परत येते.

याहून गंभीर धोका डोमेनच्या नूतनीकरणाचा आहे. मुदत संपलेले डोमेन दुसऱ्याने नोंदवले, तर तो आपल्या सर्व्हरची एमएक्स नोंद करू शकतो. त्यानंतर जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रे, तसेच पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्याच्या हाती पडतात. पाठवणाऱ्याला यात काहीही वावगे दिसत नाही, कारण पत्ता तोच असतो.